अक्काला विचारा: आई बोलते, पण "मला काय कळतंय" एवढंच

पत्र असं आलंय, थोडं कापून देते.

"अक्का, नमस्कार. मी सोलापूरचाच, पूर्व भागातला, वय ३६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये टॉवेल-नॅपकिनचं छोटं युनिट आहे. घरी बायको, तिसरीतली मुलगी आणि आई. वडील लूमवर होते, २०१६ ला गेले. आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या, लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या, तिच्याच पैशावर माझा डिप्लोमा झाला, हे मी कधीच नाकारत नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो.

डिसेंबरमध्ये पुण्याची पार्टी आली होती, हॉटेलांना माल पुरवतात ते. ऑर्डर मोठी होती आणि मला तिची लई गरज होती. जेवायला घरीच बोलावलं. नंतर सॅम्पल दाखवत होतो तर आई मध्येच आली, मरून काठाचा नॅपकिन उचलला, ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून काठावर घासलं आणि मला तेलुगूत म्हणाली, रंग कच्चा आहे, पांढऱ्याला लागेल. ऐन पार्टीसमोर! मराठीतच माझ्या तोंडातून निघून गेलं, 'अम्मा तू आत जा, तुला काय कळतंय त्यातलं.' बस एवढंच. शिवी नाही, आवाज पण फार चढवला नाही. ती आत गेली. ऑर्डर मिळाली.

तेव्हापासून पावणेदोन महिने झाले. रुसलेली नाही, स्वयंपाक करते, पोरीचं सगळं बघते. पण काहीही विचारलं, भाजी कुठली आणू, डॉक्टरकडं कधी जायचं, मावशीच्या लग्नघरी काय द्यायचं, की उत्तर एकच, 'मला काय कळतंय, तुम्हीच बघा.' मी सॉरीचा मेसेज पाठवला, नेटवर चांगला शोधून, 'आई, माझ्याकडून कळत-नकळत आपलं मन दुखावलं गेलं असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो'. तिला वाचता येत नाही म्हणून मुलीनं वाचून दाखवला. आई मुलीला म्हणाली, छान वाचलीस. इरकल साडी आणली, ती घडी न मोडता कपाटात. संक्रांतीला तिळगूळ देऊन पाया पडलो, गोड बोल म्हटलं, तर नुसती हसली. आमच्या घरात असं एकमेकांना बोलणं नेहमीचंच आहे, मग याच वेळेस एवढं का? तिला वाईट वाटलं असेल तर मी शंभर वेळा सॉरी म्हणायला तयार आहे. तुम्हाला शब्दांचं कळतं, असं काहीतरी चांगलं लिहून द्या जे ऐकून तिचं मन वळेल. नाव नको."

अरे नाव-नको (आता हेच तुझं नाव),

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चहासोबत, दुसऱ्यांदा चष्मा पुसून आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कारण ती माझी जुनी खोड आहे, ३१ वर्षं मी तारेच्या काउंटरवर काढलीत. तार म्हणजे काय हे तुझ्या मुलीला समजवायला अर्धा तास जाईल, तुझ्या आईला नुसता शब्द ऐकून कळेल, दारात तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग तो कागद कुणाकडनं तरी वाचून घ्यायच्या, असले ते दिवस. तारेचे पैसे शब्दावर. माणूस फॉर्म भरून आणायचा, आम्ही पेन्सिलीनं शब्द मोजायचो, आकडा सांगितला की त्याचं तोंड उतरायचं आणि मग तो काउंटरलाच टेकून एकेक शब्द खोडायला लागायचा. "'ताबडतोब निघून या' मधलं 'निघून' काढलं तर चालतंय का ओ मॅडम, निघाल्याशिवाय येणार कसा?" असले वाद मी रोज ऐकलेत. आणि गंमत सांगते, खोडून खोडून शेवटी जे उरायचं ना, त्या माणसाला खरंच म्हणायचं असायचं ते बहुतेक वेळा तेवढंच असायचं.

शुभेच्छांचं वेगळं होतं. दिवाळी, लग्न, पास झाल्याबद्दल अभिनंदन, ह्यांची वाक्यं आधीच ठरलेली आणि प्रत्येकाला नंबर. लग्नसराईत लोक घाईघाईत यायचे, नाव-पत्ता लिहायचे आणि खाली नंबर टाकायचे, इकडनं नंबर जायचा, तिकडं पूर्ण वाक्य उमटायचं. सोपं आणि स्वस्त. आता तार पण गेली, १४ जुलै २०१३ ला देशात शेवटच्या तारा घेतल्या, तेव्हा मला रिटायर होऊन सात वर्षं झाली होती तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. असो. सांगायचं काय तर ३१ वर्षांत माफीचा नंबर मागायला माझ्याकडं कुणी आलं नव्हतं, तू पहिला. "असं काहीतरी चांगलं लिहून द्या" म्हणजे नंबरच मागितलास की रे. आणि एक नंबर तर तू आधीच वापरून बसलायस, तो मेसेज. मला ते दृश्य डोळ्यासमोरून हलेना, तिसरीतली पोर मोबाईल धरून बसलीय, "अं-तः-क-र-ण" करत त्या विसर्गावर तीनदा अडखळतीय, आजी शांतपणे ऐकतीय, आणि बाप? बाप शेडवर. घरात ज्या बाईला तू जन्मापासून "नुव्वु" म्हणत आलास तिला मेसेजमध्ये एकदम "आपलं मन". आई म्हणाली छान वाचलीस, बरोबरच म्हणाली, कष्ट पोरीनंच केले होते.

आता पेन्सिलीचं. तुझ्या पत्रात मी तीन ठिकाणी खुणा केल्यात. "तोंडातून निघून गेलं". "बस एवढंच". "वाईट वाटलं असेल तर".

निघून गेलं म्हणजे काय? बस निघून जाते, दूध उतू जातं, लाईट जाते. आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे, करणारा माणूस वाक्यातून हळूच बाहेर काढता येतो, चूक झाली, बोललं गेलं, मन दुखावलं गेलं, सगळं आपोआप. मंत्र्यांपासून ते माझ्या सुनेपर्यंत सगळे वापरतात, मी पण वापरते, परवा नातवाचा कप माझ्या हातनं फुटला तेव्हा मी "फुटला बघ" असंच म्हटलं, फोडला नाही म्हटलं. तुमच्या तेलुगूत पण हेच आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी कन्ना चौकाजवळ भाड्यानं राहायचे, शेजारपाजार सगळा तेलुगू, त्यामुळं थोडंफार कानावर आहे. "तप्पैंदि" म्हणजे चूक झाली. "नादे तप्पु" म्हणजे चूक माझीच. दोन्ही तोंडानं म्हणून बघ एकदा, एकटा असताना, गाडीवर जाता जाता. पहिलं कसं सुळकन निघतं, आणि दुसरं गळ्याशी येऊन थांबतं. तुला दुसरं लागणार आहे.

"वाईट वाटलं असेल तर" हे तर मला कळलंच नाही. पावणेदोन महिने बाई स्वतःच्या घरात भाजी कुठली ते सांगेना, आणि तुला अजून "असेल तर"?

पण हे सगळं बाजूला ठेव, खरी गोष्ट दुसरीच आहे आणि ती तू स्वतःच लिहिलीस, बहुतेक न कळता लिहिलीस. आई काय म्हणाली? रंग कच्चा आहे. कुठल्या भाषेत? तेलुगूत. समोर बसलेली पार्टी कुठली, तर पुण्याची, त्यांना तेलुगूचं ओ की ठो कळत नाही. म्हणजे बघ, तीस वर्षं कारखान्यात, बाजारात, दवाखान्यात मराठी बोललेली बाई आहे ती, तिला मराठीत पण सांगता आलं असतं. तिनं नाही सांगितलं. तिनं पोराच्या मालातली खोट पोरालाच कळेल अशा भाषेत सांगितली, पार्टीच्या पुढ्यात बसून, पार्टीला न कळता. तू लिहिलंयस "ऐन पार्टीसमोर!" आणि पुढं उद्गारचिन्ह टाकलंयस. अरे पार्टीसमोर ती बोललीच नाही, ती तुझ्याशी बोलली. बोटाचं बघून कुणाला अंदाज आला असेल तर असेल, पण शब्द तिनं झाकून ठेवले होते.

आणि तू काय केलंस? तू मराठीत उत्तर दिलंस. ज्या आईशी तू आयुष्यात मराठी बोलत नाहीस तिला तू मराठीत गप्प केलंस, का, तर पार्टीला कळावं म्हणून. की बघा साहेब, हिचं मनावर घेऊ नका, ही अडाणी आहे. तिनं तुझी अब्रू भाषेच्या आड ठेवली आणि तू तिची बाहेर काढून मांडलीस. आईला ते त्याच क्षणी कळलेलं आहे, म्हणून ती रडली नाही, भांडली नाही, सरळ आत गेली. तुला अजून कळलेलं नाही, म्हणून तू "शिवी नाही, आवाज चढवला नाही" ह्याचा हिशोब देतोयस.

"आमच्या घरात असं बोलणं नेहमीचंच आहे" हे मला मान्य आहे बरं का. आपल्या सोलापुरात आपण एकमेकांना काय काय बोलतो! "काय बे" म्हटलं की इथं गळ्यात हात टाकल्यासारखं होतं, दोन दिवस कुणी बे म्हटलं नाही तर माणूस विचारतो काय झालं, राग आला का. तोच बे माझ्या पुतण्यानं पुण्याला ऑफिसात पहिल्याच दिवशी वापरला तर त्याला साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. शब्द तोच, हवा वेगळी. स्वयंपाकघरात आमटी ढवळताना "तुला काय कळतंय गं अम्मा" म्हटलं असतंस तर तिनं पळी उगारली असती आणि विषय संपला असता. बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर परका माणूस, टीपॉयवर सॅम्पल, आणि बोलणं मराठीत, तिथं तेच वाक्य दुसरं होऊन बसतं. तुला दोन्हीकडचं वजन माहीत होतं. धंदेवाला माणूस आहेस तू, पार्टीपुढं कुठला शब्द टाकायचा आणि कुठला गिळायचा ह्यातच तुझं पोट आहे.

आणि ते "तुम्हीच बघा". ह्यातलं "तुम्ही" कोण रे? तू आणि बायको मिळून तुम्ही, की तू एकटाच तुम्ही? तेलुगूत ती "मीरे" म्हणत असणार, त्यात पण तीच गोम, सगळ्यांना मिळून मीरु आणि मान द्यायचा परका माणूस पण मीरु. पुढच्या वेळी तू एकटाच समोर असशील तेव्हा नीट ऐक. मला आपली शंका आहे की आई तुला मान द्यायला लागलीय, आणि ते काही चांगलं लक्षण नाही.

"काय कळतंय" ह्या शब्दावर पण थोडं बोलू. बिडीचं काम तू लहानपणापासून बघितलंयस, मी तुला काय सांगणार, पण बघितलेलं आणि मनात आलेलं ह्यात फरक असतो म्हणून सांगते. रात्री पान भिजत घालायचं, ते किती भिजलं हे हातानंच कळतं, जास्त भिजलं तर काळं पडतं, कमी भिजलं तर वळताना चिरतं. पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, तंबाखू चिमटीत मोजायची, तिला तराजू नसतो. वळायची, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. हजार बिड्यांना मजुरी. आणि एवढं करून माल द्यायला जायचं तेव्हा तिथला माणूस पुडा उलटा करून बघणार आणि ह्या छाट म्हणून मूठभर बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. तीस वर्षं रोज तिच्या बोटांची परीक्षा झालीय आणि संध्याकाळी वडिलांच्या लूमसाठी कांड्या भरताना दोरा कुठं कच्चा आहे हे तुटायच्या आधी ओळखायची परीक्षा वेगळी. त्या घरात रंगाचं, सुताचं, हाताचं जर कुणाला कळत असेल तर ते तिलाच. तू वाक्य पण असं निवडलंस की ते चुकीच्या माणसाला लागलं, म्हणजे वाईट तर होतंच, वर खोटं पण होतं.

आता मला कुणी साधू समजू नये म्हणून माझंच सांगते. १९८४ ची गोष्ट असेल, उन्हाळा, दुपारची वेळ, काउंटरला रांग, पंखा बंद. एक म्हातारी रांग सोडून पुढं आली आणि तारेचा कागद माझ्यापुढं धरला, काही बोलेना, नुसता धरला. मी फॉर्म मोजत होते, आकडा चुकला, परत मोजायला घेतला, परत तिनं कागद पुढं केला. मी म्हटलं, "वाचता येत नाही का? बाजूला व्हा." ती म्हणाली, "येत नाही." एवढंच, खाली आवाजात. रांगेतले दोघं हसले. मग मी कागद घेतला, तो तिनं उलटा धरला होता हे तेव्हा दिसलं. मुलगा भिवंडीला गेला होता, पोहोचलो म्हणून त्यानं तार केली होती, बाकी काही नाही. पण तारवाला शेजारी देऊन गेलेला, शेजारीण पण अडाणी, आणि तार म्हणजे मरणाचीच असं डोक्यात, ती बाई तो कागद घेऊन उन्हात चालत आली होती. मी वाचून दाखवलं, ती गेली. संध्याकाळपर्यंत मला ते "येत नाही" ऐकू येत राहिलं. तिचा पत्ता तारेवर होता, मी वाचला होता, आमच्या घरापासून दहा मिनिटांवरची पेठ. आज जाऊ उद्या जाऊ करत मी गेले नाही. माझ्याकडं पण कारणं होती, पंखा, रांग, चुकलेला आकडा, सगळी खरी होती.

तुझी कारणं पण खरी असतील. ऑर्डर गेली असती तर सुताच्या व्यापाऱ्याचं, लाईट बिलाचं, कामगारांच्या शनिवारच्या पगाराचं काय, हे मला कळतं, आपल्या गावात अर्धी घरं त्याच चिंतेवर झोपतात. तू घाबरला होतास. पण ते आईला आपणहून सांगायला जाऊ नकोस, तिनं विचारलं तर सांग. आपणहून सांगितलं की ते कारण राहत नाही, वकिली होते.

बरं, त्या वेळेला काय म्हणायला पाहिजे होतं असं तू विचारशील. लई काही नाही. तेलुगूत "बघतो अम्मा" म्हटलं असतंस तरी निभावलं असतं, पार्टीला वाटलं असतं आई चहाचं विचारतीय. नाही म्हणायच्या पण तऱ्हा असतात रे. परवाच गड्डा झाला, आपल्या सिद्धेश्वराची, म्हणजे सिद्धरामांची जत्रा, तू पण गेला असशील पोरीला घेऊन. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता, हे सगळं कशासाठी? आख्यायिका तुला माहीत आहेच, कुंभाराची मुलगी सिद्धरामांच्या दारी रोज सडा-रांगोळी घालायची, तिनं लग्नाची इच्छा बोलून दाखवली. त्यांना करायचं नव्हतं. ते "तुला काय कळतंय योग्याचं" असं म्हणाले नाहीत. माझ्या योगदंडाशी लग्न कर म्हणाले. बाराव्या शतकातला नकार आहे तो, आणि हे गाव त्याच्यावर अजून दरवर्षी अक्षता टाकतंय. तू पण टाकल्या असशील. त्यात तुझं ते तिळगूळ प्रकरण, मला हसूच आलं, कडू बोलला कोण आणि गोड बोल म्हणून सांगितलं कुणाला! तिनं हसून सोडून दिलं, मी असते तर लाडू परत दिला असता.

आता काय करायचं ते. आधी एक प्रश्न, सबंध पत्रात तू ह्याच्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस: तो नॅपकिन तू भिजवून बघितलास का? मला वाटतं नाही बघितलास. बघितला असतास तर "रंग पक्काच होता" असं पहिल्या ओळीत लिहिलं असतंस, किंवा कच्चा निघाला म्हणून पत्राचा सूरच वेगळा असता. पावणेदोन महिने आईचं मन कसं वळेल ह्याचा विचार केलास, आई जे बोलली त्याचा नाही. तर आज रात्री तो मरून काठ एका पांढऱ्या फडक्याबरोबर बादलीत टाक आणि सकाळी बघ. माफीची वाट मात्र त्या बादलीवर अवलंबून ठेवू नकोस. रंग पक्का निघाला तरी तू चुकलासच, आणि तेव्हा "बघ अम्मा, पक्का होता" असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस, नाहीतर मला पत्र लिहू नकोस. कच्चा निघाला तर दोन कामं, माल शेडमध्ये असेल तर तिथंच थांबव आणि रंगवाल्याला धर, गेला असेल तर पार्टीला तू स्वतः फोन कर, हॉटेलच्या पांढऱ्या चादरी गुलाबी व्हायच्या आधी. आणि फोनवर स्पष्ट सांग की माझ्या आईनं त्या दिवशी बोट लावून हेच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मराठीत सांग. आई घरात असताना सांग. तिला ऐकवायला म्हणून मोठ्यानं नको, ती भिंतीपलीकडून सगळं ऐकते, आया ऐकतात.

आईशी बोलायचं ते जेवायला सगळे बसलेले असताना. बायको आणि मुलगी होत्या ना त्या दिवशी घरात? मग त्यांच्यासमोरच. एकटीला गाठून हळूच नको, जे चारचौघांत घेतलं ते चारचौघांतच परत करायचं असतं. मी लिहून देणार नव्हते, पण तुझी दया आली म्हणून कच्चा मसुदा देते: "अम्मा, त्या दिवशी पार्टीसमोर तू मला आपल्या भाषेत सांगितलंस आणि मी तुला मराठीत गप्प केलं. नादे तप्पु." १७ शब्द, मोजलेत. तेलुगू तुझं तूच कर, तेवढी तरी मेहनत तुझ्याकडून होऊ दे. आणि एवढं बोलून झालं की थांब. पुढं "पण" नको, "तू पण ना अम्मा" नको, "आता तरी हस" तर नकोच नको. भात वाढून घे आणि जेव. ती "मला काय कळतंय" असंच म्हणेल बहुतेक, तेव्हा तोंड पाडू नकोस आणि "आता अजून किती दिवस" असं विचारू नकोस. पावणेदोन महिन्याचं तुझ्या १७ शब्दांत मिटावं अशी अपेक्षा कशाला, तिची मुदत तिला ठरवू दे.

साडीला पण हात लावू नकोस, असू दे कपाटात. शब्दांच्या आधी साडी आली ना म्हणून तिला घडी मोडवत नसेल. पुढं कधीतरी नेसेल, नाही नेसली तर मुलीच्या लग्नात तिलाच देईल.

आणि एक. सुताचे, रंगाचे नमुने येतात ना शेडवर, पुढच्या वेळी ते घरी आण. उगीच आईला बरं वाटावं म्हणून "आमटीत मीठ किती टाकू" असलं नाटकी विचारत बसू नकोस, तिला लगेच कळतं. खरोखर जिथं तुला ठरवायचंय ते विचार, ह्यातला कुठला घेऊ. ती म्हणेल तुम्हीच बघा. तेव्हा वाद घालू नकोस, ते गुंडाळे तिच्या पुढ्यात ठेव आणि आंघोळीला जा. परत आलास की बघ, जागचे हललेत का. बोटं राहत नाहीत रे गप्प, माझी बघ, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी लग्नपत्रिकेतले शब्द मोजते. त्यातला एखादा गुंडाळा बाजूला काढून ठेवलेला दिसला तर कुठला ते विचारू नकोस, तो घेऊ नकोस म्हणजे झालं.

बादलीचं मात्र कळव. आणि पांढरं फडकं जुनं घे, मागच्या वर्षी पूर्व भागातनंच आणलेल्या एका लाल टॉवेलनं माझ्या दोन चांगल्या उशांचे अभ्रे खाल्लेत, तो तुझ्याच युनिटचा होता की काय असा मला पत्र वाचल्यापासून संशय आहे.

— अक्का